डोक्यात करंट लागल्यासारखं झालं, म्हणजे गोळीची सवय लागली का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही तपासता येईल. वय ३१. नैराश्यासाठी पाच महिन्यांपासून रोज रात्री एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम चालू आहे आणि गेले अडीच-तीन महिने बरं वाटतंय. चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेलात, गोळ्या घरीच राहिल्या, चार दिवस खंड पडला. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं, गरगरणं, चिडचिड, रात्री भलभलती स्वप्नं. परत येऊन गोळी घेतली आणि दोन दिवसांत सगळं थांबलं. आई म्हणाली, "बघ, सवय लागली. आता बरी आहेस ना, मग सोडून दे." म्हणून तुम्ही विचारताय, एक दिवसाआड घेत घेत बंद केली तर चालेल का? आणि अगदी शेवटी दोन गोष्टी लिहिल्यात: पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे, आणि पाकिटावर गोळीच्या नावापुढे 'प्लस' लिहिलंय.

गेली २२ वर्षं मी मानसोपचाराची ओपीडी चालवतोय. पेशंट उठून दारापर्यंत जातो आणि तिथून मागे वळून जे सांगतो, ते बहुतेक वेळा सगळ्यात महत्त्वाचं असतं. तुमच्या पत्रातही तसंच झालंय. म्हणून त्या शेवटच्या दोन गोष्टींपैकी दुसरीपासून सुरुवात करतो.

पाकीट हातात घ्या आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रामच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे 'प्लस' असतं, त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत दुसरं एक औषध असतं, क्लोनाझेपाम, साधारण ०.५ मिलिग्रॅम. ही दोन औषधं अगदी वेगळ्या जातीची आहेत. एस्सिटॅलोप्राम हे नैराश्यावरचं औषध. त्याचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि ते महिनोन्‌महिने घ्यायचं असतं. क्लोनाझेपाम पहिल्याच रात्री झोप लावतं, धडधड थांबवतं, पण ते थोड्या दिवसांसाठीच असतं. नैराश्यावरची गोळी सुरू केली की पहिल्या एक-दोन आठवड्यांत काहींची बेचैनी उलट वाढते. तेवढा काळ निभावून नेण्यासाठी डॉक्टर ते सोबत देतात, आणि त्यात चूक नाही. चूक होते ती पुढे. दोन ते चार आठवड्यांनी ते कमी करत काढायचं असतं, पण एकाच गोळीत दोन्ही असल्यामुळे ते तसंच चालू राहतं. पेशंट मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवतो, तो तीच गोळी देतो, आणि पाच महिने कसे जातात ते कोणालाच कळत नाही.

आता आईच्या 'सवय' या शब्दाकडे येऊ. त्या म्हणतात ते उगाच नाही. क्लोनाझेपामची सवय खरोखर लागते. शरीर त्याला सरावतं, काहींना हळूहळू जास्त डोस लागतो, आणि बरेच महिने घेतल्यावर एकदम बंद केलं तर झोप उडणं, हात थरथरणं, प्रचंड घबराट, क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. एस्सिटॅलोप्रामचं तसं नसतं. त्याची तल्लफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, संध्याकाळ झाली की आठवण येऊन जीव कासावीस होत नाही. पण मेंदू त्याच्या असण्याशी जुळवून घेतो हे खरं, आणि ते अचानक नाहीसं झालं तर पुन्हा जुळवून घ्यायला त्याला वेळ लागतो. तुम्हाला लागलेला करंट हा त्या जुळवाजुळवीचा काळ होता. शब्द एकच असला तरी गोष्टी दोन आहेत, आणि तुमच्या गोळीत त्या दोन्ही एकत्र असण्याची शक्यता मोठी आहे.

त्या चार दिवसांत काय झालं याचं गणित साधं आहे. एस्सिटॅलोप्रामचं रक्तातलं प्रमाण साधारण ३० तासांनी निम्मं होतं. म्हणजे चौथ्या दिवसाच्या शेवटी जवळजवळ नव्वद टक्के औषध शरीरातून गेलेलं असतं. मान वळवताना किंवा डोळे फिरवताना क्षणभर झटका, मळमळ, चक्कर, रडू येणं, सिनेमासारखी स्वप्नं ही सगळी औषध अचानक थांबल्याची ओळखीची लक्षणं. घाबरवणारी असतात, पण मेंदूला इजा झाल्याची ती खूण नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात नक्की असेल: हा आजार परत आला होता का? मी ओपीडीत दोन गोष्टी बघतो, किती दिवसांनी सुरू झालं आणि चेहरा कुठला आहे. औषध थांबल्याची लक्षणं दोन-चार दिवसांतच येतात, त्यांत शरीराच्या तक्रारी जास्त असतात, आणि गोळी घेतली की एक-दोन दिवसांत विरतात. आजार परत येतो तो आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू आणि जुनाच चेहरा घेऊन. पहाटे तीनला जाग, चहासुद्धा बेचव, फोन वाजला तरी उचलू नये असं वाटणं. तुमचं वर्णन सरळ पहिल्या प्रकारात बसतं.

मग एक दिवसाआड? नको. हा सल्ला शेजारीपाजारी, नातेवाईक आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा देतात. वरवर बघता तो समंजस वाटतो, अर्धं औषध कमी झालं की. पण ३० तासांचा हिशेब लावून बघा. ४८ तासांनी गोळी घेतलीत तर मधल्या वेळात पातळी साधारण तिसऱ्या हिश्शावर येते आणि मग पुन्हा उडी मारते. म्हणजे लग्नघरात जे झालं त्याची छोटी आवृत्ती तुम्ही दर दोन दिवसांनी स्वतःवर ओढवून घ्याल. कमी करायचं असेल तर गोळी रोजच घ्यायची आणि डोस कमी करत न्यायचा.

डोस कमी करण्यातही एक गोम आहे, जी आम्हा डॉक्टरांनाही उशिरा उमगली. आम्हाला शिकवलेलं गणित सरळ होतं, दहाचे पाच, पाचाचे शून्य. पण मेंदूतला परिणाम असा सरळ रेषेत उतरत नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये यावर एक महत्त्वाचा लेख आला, त्यात मेंदूच्या स्कॅनवरून काढलेले आकडे मांडले होते. एस्सिटॅलोप्रामचं जवळचं भावंड असलेल्या सिटॅलोप्रामचा नेहमीचा डोस मेंदूतल्या ज्या जागांवर काम करतो, त्यांतल्या ८० टक्क्यांच्या आसपास व्यापतो. डोस निम्मा केला तरी ७० च्या आसपास व्यापलेल्या राहतात. पाव केला तरी ६० च्या जवळपास. म्हणजे पहिली अर्धी गोळी कमी करताना फारसं काही जाणवत नाही, आणि शेवटच्या पाव गोळीवरून शून्यावर येताना सगळा उतार एकदम येतो. जिन्याच्या वरच्या पायऱ्या बुटक्या आणि शेवटची कमरेइतकी उंच, असं समजा. "अर्ध्यावर मस्त होतो, बंद केली आणि कोसळलो," असं सांगणारे पेशंट मी कितीतरी वर्षं बघत होतो. ते का होतं हे त्या आकड्यांनी समजलं. त्यामुळे आता मी शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश घेतो.

पाच-सात महिने घेतलेल्या माणसाला मी साधारण असं नेतो: १० वरून ५ मिलिग्रॅम, चार आठवडे. मग ५ ची गोळी अर्धी, म्हणजे अडीच, आणखी दोन ते चार आठवडे. त्रास झाला नाही तर बंद, झाला तर आधीच्या पायरीवर परत आणि थोडं थांबून पुन्हा. काही वर्षं घेतलेल्यांना हाच प्रवास कित्येक महिन्यांचा होतो. हे वाचून घरी सुरू करू नका, विशेषतः तुमच्या 'प्लस' गोळीवर. ती अर्धी केली की दोन औषधं एकदम अर्धी होतात आणि त्रास झाला तर कशामुळे ते कोणालाच सांगता येत नाही. तुमच्या जागी माझा पेशंट असता तर मी आधी साधं एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम वेगळं करून लिहिलं असतं, पहिलं होतं तिथेच ठेवून दुसरं हळूहळू काढलं असतं, आणि ते नीट निघाल्यावरच पहिल्याचा विचार केला असता. एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

आता खरा प्रश्न, बंद कधी करायचं? बरं वाटतंय हे बंद करायचं कारण वाटतं, पण बरं वाटायला लागल्यापासून पुढे निदान सहा महिने तोच डोस चालू ठेवायचा, असा आमचा सगळ्यांचा नियम आहे. नैराश्याची ही पहिलीच वेळ असेल तर सहा ते नऊ महिने. आधी दोन-तीनदा येऊन गेलं असेल, किंवा या खेपेला फार खोल गेलं असेल, तर दोन वर्षं किंवा जास्त. तुमचे मोजायचे महिने पाच नाहीत, अडीच-तीन आहेत, कारण घड्याळ बरं वाटल्यापासून सुरू होतं. ही गफलत जवळजवळ प्रत्येक जण करतो.

बंद केल्यावर परत येईलच का? इंग्लंडमध्ये एक चांगला अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बराच काळ गोळी घेणारे आणि आता बंद करण्याइतकं बरं वाटणारे ४७८ लोक त्यात होते. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची न कळत हळूहळू काढली. वर्षभरात गोळी काढलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचं दुखणं उलटलं, आणि चालू असलेल्यांपैकीही ३९ टक्के लोकांचं. हे आकडे मी पेशंटना दोन्ही बाजूंनी दाखवतो. गोळी संरक्षण देते, पण पूर्ण नाही. गोळी काढल्यावर धोका वाढतो, पण १०० पैकी ४४ जण वर्षभर व्यवस्थित राहिले. तुम्ही कुठल्या बाजूला असाल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: आधी कितीदा झालं, घरात कोणाला आहे का, अजून झोप-भूक थोडी बिघडलेली आहे की पूर्ण जागेवर आली, सोबत समुपदेशन झालं का. आणि काळ कसा चाललाय. बदली, घर बदलणं, घरातलं आजारपण अशा वेळी मी कोणाची गोळी काढत नाही.

म्हणून बाळाच्या गोष्टीकडे येतो. तुमची घाई तिथून आलीय असं मला वाटतं आणि ती मला पूर्ण समजते. तुमच्याकडे वर्ष आहे, म्हणजे भरपूर वेळ आहे. सहा महिने पूर्ण करून, सावकाश काढून, मग दोन-तीन महिने नुसतं निरीक्षण करायलाही तो पुरतो. क्लोनाझेपाम मात्र त्याआधी निघालेलं बरं. आणि समजा ठरवल्याच्या आधीच दिवस राहिले, तर भीतीपोटी त्या रात्रीपासून गोळी बंद करू नका. मानसोपचाराच्या आणि स्त्रीरोगाच्या, दोन्ही डॉक्टरांना फोन करा. या गटातली औषधं गरोदरपणात गरज असेल तेव्हा चालू ठेवली जातात. पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळतात, सर्ट्रालिन बऱ्याचदा निवडतात. शेवटच्या महिन्यांत घेतलं तर बाळ जन्मल्यावर काही दिवस किरकिरं, थरथरणारं असू शकतं, म्हणून बाळाच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं. पण आईचं उपचाराविना राहिलेलं नैराश्य हाही बाळासाठी धोका आहे. न जेवणारी, न झोपणारी, तपासणीला न जाणारी आई मी बघितली आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काहीतरी असतं. एका पारड्यात फक्त गोळी आणि दुसरं रिकामं, असं कोणी सांगितलं तर मानू नका.

तुम्ही कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळीबद्दलही ओझरतं लिहिलंय. पॅरासिटामॉल निर्धास्त घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांच्याबरोबर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. एखाददुसऱ्या वेळी चालतं, पण अल्सरचा त्रास असेल किंवा रोज घ्यायची वेळ आली तर विचारून. ट्रॅमाडॉल मात्र न विचारता नाहीच. पॅरासिटामॉलबरोबर एकत्र केलेल्या दुखण्याच्या गोळ्यांत ते असतं, त्यामुळे पाकिटाची मागची बाजू इथेही वाचायची. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, मायग्रेनच्या काही गोळ्या, लिनेझोलिड नावाचं अँटिबायोटिक यांचंही तसंच. ही एकत्र आल्यावर क्वचित खूप घाम, थरथर, ताप, जुलाब, स्नायूंना झटके, विलक्षण अस्वस्थता असं होतं. तसं झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आयुर्वेदिक किंवा घरगुती काही घेत असाल तर तेही सांगा, आम्ही रागवत नाही. दारू टाळा. क्लोनाझेपाम असेल तर ती अजिबात नको. उपवासाच्या दिवशी गोळी घेतली तरी चालते, पाण्याबरोबर गिळायची. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर फराळानंतर घ्या. एखादी रात्र चुकली तर सकाळी आठवल्यावर घ्या, पण दुसऱ्या रात्री दोन एकदम घेऊ नका.

गोळी चुकते ती विसरभोळेपणामुळे, असं समजतात. माझा अनुभव वेगळा आहे. एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत). तिसऱ्या भेटीतही सुधारणा नाही, तेव्हा मी विचारलं, गोळी ठेवता कुठे? मिसळणाच्या डब्यामागे, म्हणाल्या. सासूबाईंना कळू नये म्हणून. स्वयंपाकघरात कोणी असलं की हात घालता यायचा नाही, आणि एकत्र कुटुंबात स्वयंपाकघर रिकामं असतं कधी? आठवड्यातून तीन-चारच गोळ्या पोटात जात होत्या. मी औषध बदलायच्या बेतात होतो! बदलली ती जागा. पुढच्या वेळी त्यांनी नवऱ्याला सोबत आणलं, आम्ही तिघं बोललो, आणि पट्टी टीव्हीशेजारी बीपीच्या गोळ्यांसोबत उघड्यावर आली. सहा आठवड्यांनी त्या हसत आल्या. तुमच्या घरात कोणाला माहीत आहे आणि कोणाला नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण गावी गोळ्या 'राहिल्या' की मांडवात सगळ्यांसमोर काढायला नको म्हणून ठेवल्या, एवढं स्वतःला विचारून बघा.

आणखी एक, जे बायका आणि पुरुष दोघंही ओपीडीत बोलत नाहीत. या औषधांनी शरीरसंबंधांची इच्छा कमी होते, किंवा सुख मिळायला वेळ लागतो. बाळाचा विचार असलेल्या घरात यावरून गैरसमज होतात आणि माणूस गुपचूप गोळी सोडतो. सांगितलंत तर डोस किंवा औषध बदलता येतं.

हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. साठीच्या पुढच्यांना ही गोळी सुरू झाल्यावर, विशेषतः बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम घसरू शकतं. आजोबा अचानक बरळायला लागले, तोल जाऊ लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी सोडियम तपासा. त्या वयात एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत, हृदयाच्या ठोक्यांच्या कारणासाठी. पूर्वी कधी चार-पाच दिवस झोपेविना भलता उत्साह, उधळपट्टी, मोठमोठ्या योजना असं झालं असेल, तर ते गोळी सुरू करण्याआधी सांगा, कारण तो वेगळा आजार असू शकतो आणि नुसती ही गोळी त्याला भडकवते. आणि २५ वर्षांच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे आणि प्रत्येक डोस बदलताना घरच्यांनी लक्ष ठेवायचं. काहींच्या मनात या काळात जीव द्यायचे विचार वाढतात. असे विचार कोणत्याही वयात आले तर त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरांना फोन करा. रात्री कोणी भेटत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

तर सध्या तुम्ही गोळी रोज चालू ठेवा, काही तोडू नका, काही सोडू नका, आणि या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना गोळीचं नाव सांगून भागवू नका, पाकीट सोबत न्या आणि त्यांच्या टेबलावर उलटं ठेवा. 'प्लस'मधलं दुसरं औषध अजून लागतं का, हे विचारा. बाळाचा बेत सांगा, साधारण महिन्यासकट. आणि ते लग्नाचे चार दिवस कोणत्या दिवशी काय झालं, कधी थांबलं, कागदावर लिहून न्या. तो कागद फाइलला लावायला सांगा. पुढे गोळी काढायची वेळ येईल तेव्हा शेवटच्या पायऱ्या किती बुटक्या करायच्या, हे तुमच्या डॉक्टरांना त्या कागदावरूनच ठरवता येईल.